एक कपाट, चार भाषा

आमच्या धंद्यात घर पूर्ण झालं की मालक चावी घेतो, मिस्त्री हत्यारं उचलतो, आणि माझ्याकडे उरतात ते किस्से. त्यांना ठेवायला जागा नाही आणि टाकवतही नाहीत. बरं, सुखानं बसून सांगावेत तर तेवढी उसंत मिळत नाही. आता बोलतेय ना, तरी माझा एक डोळा फोनवर आहे. कुठल्या तरी साइटवर, कुठल्या तरी भाषेत, काहीतरी गडबड चाललेलीच असणार!

आधी माणसं सांगते. वसई पश्चिमेला एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. टीम चार जणांची. मी पल्लवी, इंटिरियर डिझायनर. आईवडील चिपळूणचे, माझं सगळं आयुष्य विरारला गेलं. दुसरा एल्विन, सिव्हिल इंजिनियर. वसईतल्या जुन्या ख्रिस्ती घरातला, मागे केळीची वाडी, घरी त्यांची स्वतःची बोली. आईचा फोन आला की तो काय बोलतो ते आम्हा तिघांना ओ की ठो कळत नाही. तिसरी सबिहा, नालासोपाऱ्याची. काँप्युटरवर थ्रीडी चित्रं काढते. घर झाल्यावर कसं दिसेल ते आधीच दाखवते. आणि चौथे मांगीलाल, आमचे पागोटंवाले सुतार. राजस्थानातून आले त्याला जमाना झाला, पण मराठी अजून पाहुणीसारखी वापरतात, सणासुदीला.

एल्विनचा भाऊ कॅनडात आहे आणि एल्विनची पण तिकडची फाइल टाकलेली आहे. त्यामुळे तो नुसतं "पल्लवी, जरा बोलायचंय" म्हणाला तरी मला वाटतं, झालं, ह्याचा व्हिसा आला. तर असं हे ऑफिस. रोज सकाळी शटर उघडताना मला वाटतं, आज हे मोडणार.

पहिलंच काम घ्या. नालासोपाऱ्यातलं घर, बेडरूममध्ये एक मोठं कपाट. मी सगळ्यांना बजावून सांगितलं, "दार उजवीकडे उघडलं पाहिजे."

आता उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? सबिहाच्या मते स्क्रीनच्या उजवीकडे. एल्विनच्या मते खोलीत शिरणाऱ्याच्या उजवीकडे. मांगीलाल कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "अलमारी का भी तो दायाँ हाथ होता है!"

कपाट बसलं. सुंदर बसलं! फक्त त्याचं दार उघडलं की ते खोलीच्या दारामागे जाऊन घट्ट अडकायचं आणि माणूस आत बंद. पहिल्याच दिवशी घरातल्या सासूबाई साडी काढायला गेल्या आणि अडकल्या. त्या आतून हाका मारतायत, बाहेरून घरचे दार ढकलतायत, आतून कपाट ढकलतंय. माझा नुसता घाम निघाला. धावत साइटवर गेले, सुनेची माफी मागितली, म्हटलं, उद्याच्या उद्या बदलून देते.

सून मला हळूच किचनमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "ताई, घाई नाही हं. सावकाश बदला!"

*

भाषेचं एक सांगते. आम्ही सगळे आपसात हिंदी बोलतो, पण घाईत माझी मराठीच बाहेर पडते. आणि मी सदा घाईत.

एका घरी किचनची कपाटं लावून झाली होती. त्या वहिनी उंचीला बेताच्या, वरच्या कपाटाला हात पोचेना. मी दुसऱ्या साइटवर होते. फोन केला. "मांगीलालजी, वरचं कपाट थोडं खाली करा."

"थोडा ही ना?"

"हो, थोडंच."

तासाभरानं फोन. "हो गया मॅडम."

मी चकित झाले. भिंतीला ठोकलेलं कपाट तासाभरात खाली? पडेल बिडेल कोणाच्या डोक्यावर! तशीच रिक्षा करून गेले. बघते तर कपाट जिथल्या तिथे. वहिनी स्टुलावर बसून रडवेल्या, आणि ओट्यावर, फ्रिजवर, जमिनीवर डबेच डबे.

हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

मांगीलाल अभिमानानं म्हणाले, "थोडा खाली कर दिया मॅडम. आधा. बोलो तो पूरा कर दूँ?"

*

एल्विन बोलतो कमी. पण त्याचं एक वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

विरारमधले एक गृहस्थ. घरात जरा कुरबुरी चालल्या होत्या, म्हणून त्यांनी कोणालातरी बोलावून घराच्या दिशा तपासून घेतल्या. त्या माणसानं हॉलच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "हा पाडा. लक्ष्मी इथंच अडलीय." कोपरा म्हणजे बिल्डिंगचा कॉलम! मी समजावलं, सबिहानं कॉलमला लाकूड लावून किती छान दिसेल ते दाखवलं. गृहस्थ ऐकेनात. आवाज चढला. शेवटी म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर दुसरा बघतो. आजच पाडून घेतो."

मी हादरले. खरंच कोणी हातोडा घेऊन आला तर? मी एल्विनला फोन लावला. तो आला, कॉलमवर दोनदा हात थोपटला आणि शांतपणे म्हणाला, "काका, हा पाडल्यावर लक्ष्मी येईल की नाही ते मला नाय माहीत. पण वरच्या मजल्यावरचं कुटुंब शंभर टक्के येईल."

कॉलम अजून उभा आहे. आता त्याच्यावर गणपतीचा फोटो आहे.

*

राजोडीला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाबांच्या घरात अल्तार करायचा होता, म्हणजे भिंतीतला देव्हारा म्हणा. एल्विनच्या आईच्या ओळखीतलं घर. त्यामुळे एल्विन सकाळपासून टेन्शनमध्ये. "इथं नीट वागा हं सगळे," असं त्यानं आम्हाला चारदा सांगितलं.

मांगीलाल कधी नव्हे ते चप्पल बाहेर काढून आत आले. लाकडाला हात जोडले. आणि एल्विन मोजमाप घेतोय तेवढ्यात त्यांनी कुठून तरी एक नारळ आणला आणि उंबऱ्यापाशी फाडकन फोडला!

एल्विन पांढराफटक पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. बाबा आतून काठी टेकत आले. फुटलेल्या नारळाकडे पाहिलं. मग मांगीलालकडे.

"नारळ कुठला?" बाबांनी विचारलं.

मांगीलालनी अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवलं.

"माझाच नारळ, माझ्याच दारात?" बाबा म्हणाले. "मग उभे काय राहिलात? वाटा की खोबरं!"

*

यंदाचा रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ एकत्र आला. त्यातल्या एका शुक्रवारी आम्ही वसईत एका घरी फर्निचर दाखवायला गेलो होतो. त्या घरच्या आजींनी खास आमच्यासाठी बटाटेवडे तळले होते. परातभर! वास जिन्यापर्यंत.

तेवढ्यात एल्विन मला बाजूला घेऊन म्हणाला, "पल्लवी, जरा बोलायचंय."

झालं. मला कॅनडाचं विमान दिसायला लागलं. म्हटलं, आत्ता? इथं? मी भिंत धरली. "बोल."

"आज माझा उपास आहे. वडे नाय खाणार. आजींना तूच सांग."

असा राग आला म्हणता! आणि हायसंही वाटलं. मी आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, बरं, मग ही मुलगी घेईल. सबिहा लाजत म्हणाली, "आजी, माझा रोजा आहे." आजी मांगीलालकडे वळल्या. ते हात जोडून म्हणाले, "माँजी, आज ग्यारस." म्हणजे एकादशी! उरले मी. तीन उपाशी माणसं माझ्याकडे टक लावून बघतायत. वडा तोंडाजवळ नेला आणि खाववेना. म्हटलं, "आजी, मी पण आज नकोच."

आजी परात घेऊन उभ्या. आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग नव्या टीव्ही युनिटकडे हात करून म्हणाल्या, "इतकी पुण्यवान माणसं एका जागी, आणि तो ड्रॉवर मेला उघडत कसा नाही?"

*

आता जरा वेगळं सांगते. हा हसण्यासारखा किस्सा आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सबिहानं एका घरासाठी सरकता दरवाजा काढला होता. स्क्रीनवर काय देखणा दिसायचा! प्रत्यक्षात तो अर्ध्यावर येऊन अडायचा. मालकांच्या देखत मांगीलाल म्हणाले, "कंप्यूटर में तो सब सरकता है, बेटी. वहाँ लकड़ी को वजन नहीं होता."

सबिहानं तो दरवाजा दोनदा सरकवून पाहिला. खाली येऊन रडली. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

आमचं ऑफिस केवढं? दोघांच्या खुर्च्यांत एका टेबलाचं अंतर. तरी सबिहा मला म्हणायची, "दीदी, चाचांना सांग की ड्रॉइंग झालंय." चाचा समोरच. मग चाचा म्हणायचे, "मॅडम, उनको बोलो प्रिंट निकाल दें." उनको म्हणजे प्रिंटरला टेकून उभी असलेली सबिहा! हे आठवडेच्या आठवडे चाललं. मला घरी जेवण जाईना. अंघोळ करतानासुद्धा मी मनातल्या मनात एकाचा निरोप दुसऱ्याला देत असायचे. एल्विनला म्हटलं, तू काहीतरी कर. तो म्हणाला, "मी भिंतींचा इंजिनियर आहे."

त्यात विरार पश्चिमेला एका टॉवरमधलं मोठं काम आलं. पूर्ण घर. सगळ्यात आधी देवघर. सबिहानं असं सुरेख देवघर काढलं होतं, मागे जाळी, जाळीतून झिरपणारा उजेड, की त्या घरचे गृहस्थ बघतच राहिले. बायकोला हाक मारली, मुलाला दाखवलं. मग कौतुकानं विचारलं, "कोणी केलं हे?"

"हिनं," मी म्हटलं. "सबिहानं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हसले. फार सभ्य हसू होतं ते. म्हणाले, "छान आहे, छान आहे. फक्त ना, देवघराचं तेवढं तुमच्यापैकी दुसऱ्या कोणीतरी काढलं तर बरं. बाकी घर हिनं करू दे, आमचं काही म्हणणं नाही."

सबिहानं लॅपटॉप मिटला. आवाज न करता मिटला. मी वाक्य जुळवत होते. कामही जाणार नाही आणि सबिहाही दुखावणार नाही असं वाक्य मला हवं होतं, आणि ते कुठल्याच भाषेत सापडेना.

तेवढ्यात मांगीलालनी आपली टेप खिशात टाकली. म्हणाले, "तो फिर बनाएगा भी दूसरा ही."

"अहो, तुमच्याबद्दल काही नाही," गृहस्थ घाईनं म्हणाले. "तुम्ही तर आपलेच."

"नहीं सेठ. नक्शा उसका तो लकड़ी मेरी. नक्शा उसका नहीं तो मेरा क्या काम?"

आणि चालू लागले. मग एल्विन उठला. मग मी. सबिहा सगळ्यांत शेवटी.

लिफ्टमध्ये आम्ही चौघं. कोणी कोणाकडे बघेना. आकडे उतरतायत. सबिहा दाराकडे तोंड करून उभी, खांदे ताठ. मला वाटलं आता ही रडणार, आणि मग मीही.

दोन मजले उरले असताना मांगीलाल तिच्या पाठीकडे बघून म्हणाले, "लेकिन तेरा वो सरकनेवाला दरवाजा ग़लत ही था."

सबिहा गर्रकन वळली. "दरवाजा सही था चाचा! दीवार टेढ़ी थी!"

आणि मग दोघंही एल्विनकडे वळले. भिंत त्याची होती ना!

ते काम दुसऱ्यांनी केलं. झालं असेल चांगलं. त्या टॉवरवरून जाताना मी अजून वर बघत नाही.

*

थांबा, फोन... नाही, काही नाही. जाहिरात होती. शेवटचा एकच सांगते.

फुलपाड्यात राऊळ काका-काकू राहतात. काका मुंबईत एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. काकांना जन्मापासून दिसत नाही. काकूंची दृष्टी लहानपणी तापात गेली. दोघंच राहतात. काकांनी फोनवर सांगितलं, "घर नवं करायचंय. आणि दिसायला चांगलं पाहिजे हं!"

सबिहा सवयीनं लॅपटॉप घेऊन आली आणि दारातच थबकली. आता दाखवायचं कोणाला?

आधी रंगावरून भांडण. काकू म्हणाल्या, "हॉलला पिवळा."

"पिवळा भडक दिसतो," काका म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बँकेतले सगळे म्हणायचे."

"बँकेतले म्हणायचे म्हणे! मी सातवीपर्यंत पिवळा डोळ्यांनी बघितलाय. तुम्ही बघितलाय? मग गप्प बसा!"

मग काकूंनी आम्हाला फैलावर घेतलं. पिवळा म्हणजे कुठला? एल्विन म्हणाला, आमच्या वाडीतल्या पिकल्या केळ्याचा. काकू म्हणाल्या, फार पिवळा. मांगीलाल म्हणाले, गाँव में सरसों फूलती है, वैसा. काकूंनी मोहरीचं शेत पाहिलेलं नव्हतं. सबिहा म्हणाली, ज़र्दा भात असतो ना, ईदला करतो तसा. काकू जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नको. बेसनाचा. भाजलेल्या नाही, कच्च्या बेसनाचा."

सबिहा पिशवीत बेसन घेऊन रंगाच्या दुकानात गेली. दुकानदारानं पिशवीत डोकावून सांगितलं, "ताई, गिरणी पुढच्या गल्लीत!" पण तिनं रंग जुळवूनच आणला.

मग दिवे. काकांना हॉलमध्ये भरपूर दिवे हवे होते. चारही कोपऱ्यांत, मध्ये एक मोठा. सबिहानं माझ्याकडे पाहिलं, मी एल्विनकडे. विचारायचं कसं? कोणीच विचारलं नाही. आणि बटणांसाठी तर त्यांनी आमचा जीव खाल्ला. एल्विननं आवाज न करणारी नवी बटणं सुचवली. काका म्हणाले, "छे! मोठ्यांदा वाजलं पाहिजे." मग एल्विन दुकानात उभं राहून एकेक बटण दाबतोय, मी फोन जवळ धरतेय, आणि पलीकडून काका, "हं... हा बारीक आहे. पुढचं. हा पोकळ. पुढचं." दुकानदार आमच्याकडे बघतोय. शेवटी एक जुन्या पद्धतीचं, जाडजूड बटण सापडलं. टक्! "हेच!" काका ओरडले.

आम्हाला वाटलं, दाबलं की नाही ते कळायला हवं असेल.

काम संपलं त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. आम्ही चौघं नव्या सोफ्यावर, समोर काका, काकू चहा आणि बिस्किटं मांडून शेजारी बसलेल्या. काका बँकेतल्या गोष्टी सांगत होते. कोण साहेब फोनवर कसा खोटं बोलायचा, नुसत्या आवाजावरून कसं कळायचं. आम्ही पोट धरून हसत होतो. मी त्या दिवशी फोन पर्समधून काढलासुद्धा नव्हता.

बोलता बोलता बाहेरचा उजेड कमी झाला. मग खोलीतला. मग मला समोरच्या भिंतीचा पिवळा दिसेना. मग मांगीलालचा चेहरा दिसेना, नुसता पागोट्याचा आकार. प्रत्येकाच्या ध्यानात आलं होतं. एल्विननं मला कोपरानं ढोसलं, मी त्याला उलटं ढोसलं. त्या घरात "दिवा लावू का" असं कोणी म्हणायचं? सबिहानं चाचपडत बिस्किटाची बशी शोधली, ती पेल्याला लागून खणकन वाजली, आणि ती तशीच हात आखडून बसली. आम्ही काळोखात हसत राहिलो, हूं हूं करत राहिलो.

खालच्या कंपाउंडमधून आया मुलांना 'काळोख झाला, वर या' अशा हाका मारायला लागल्या. काका वाक्याच्या मध्येच थांबले. उठले, सरळ बोर्डापाशी गेले.

टक्. टक्. टक्. टक्. टक्.

लख्ख उजेड! आम्ही डोळे चोळतोय, एल्विनचं बिस्कीट मांगीलालच्या चहात.

"आमच्याकडे येणारी माणसं फार सभ्य," काका परत येऊन बसत म्हणाले. "कितीही काळोख झाला तरी सांगत नाहीत. आम्हाला वाईट वाटेल म्हणून. मागे बँकेतले सगळे आले होते, काळोखातच चहा पिऊन गेले. नंतर शेजारणीनं सांगितलं."

काकूंनी चाचपून बशी सबिहाच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाल्या, "म्हणून बटणं मोठ्या आवाजाची घेतली गं. यांनी दिवे लावले तर मला आतून कळतं, मी लावले तर यांना कळतं, की पाहुणे उजेडात बसलेत."